पहिलं पान कोणाचं

कृष्णनगर
विजयादशमीनंतरचा तिसरा दिवस

श्रीचरणेषु मेजदी,

तुला आणि भावजींना विजयेचा प्रणाम. (पत्रातूनच करते आहे. यंदा गुडघ्यांनी दुसरा मार्ग ठेवलेला नाही.) तुझं ब्लड प्रेशर कसं आहे? भावजी मीठ सोडलं म्हणून गावभर सांगतात आणि खारी निमकी खातात, तेव्हा डबा वरच्या फळीवर ठेवत जा. इकडे सगळं क्षेम आहे. गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नाही आणि घरात हे बोलत नाहीत, त्यामुळे पूजेच्या दगदगीनंतर चांगली विश्रांती मिळते आहे.

झालं असं, की मुखर्जी माशीमा श्रावणात मुलाकडे भुवनेश्वरला राहायला गेल्या. म्हणजे दशमीला दुर्गेची पाठवणी करताना तिच्या गालांना पहिलं विड्याचं पान लावायचं, पहिली संदेश-मिठाई भरवायची, पहिला शेंदूर लावायचा, हा गल्लीतल्या सर्वांत वडील सवाष्णीचा मान यंदा रिकामा झाला. तो गेला शेजारच्या शेफालीदीकडे. तिचं वय चौपन्न, माझं बावन्न. आता माझं बावन्न कसं, हे सख्ख्या थोरल्या बहिणीला सांगायला नको. लग्न जमवताना सासरच्यांना एकवीसची मुलगी हवी होती आणि आईकडे सव्वीसची होती. आईने नवी पत्रिका करून घेतली, पुढे प्रत्येक कागदावर तीच तारीख चढली. या पापात माझा वाटा एवढाच, की मला ते आवडलं.

फुकटात मिळालेली पाच वर्षं किती महागात पडली, ते मात्र कोणी विचारत नाही. दहा वर्षांपूर्वी अंगातून वाफा निघायला लागल्या, तर डॉक्टरीणबाई कार्डावरचं वय बघून म्हणाल्या, "इतक्या लवकर?" आणि चार तपासण्या लिहून दिल्या. (मीही "हो ना, इतक्या लवकर!" म्हणून चेहरा पाडला. काय करणार?) बावन्नची बाई गुडघा धरून उठली की लोक काळजी करतात, सत्तावन्नची उठली की खुर्ची देतात. केसांना रंग, चष्म्याला लपाछपी, जिना चढताना मध्येच थांबून रंग उडालेल्या भिंतीचं कौतुक. आणि सर्वांत वाईट म्हणजे दर विजयेला मी शेफालीदीच्या पाया पडते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा, पोरी" म्हणते आणि वर एक कडक नारळाचा लाडू देते, तोही आदल्या वर्षीचा वाटावा असा. मेजदी, मला तरुण राहायचा खरंच कंटाळा आला आहे.

तर दशमीला पुरोहितांनी विचारलं, सगळ्यांत मोठ्या कोण, पुढे या. शेफालीदी ताट घेऊन निघाली. मी दुर्गेच्या तोंडाकडे पाहिलं. ती वर्षातून एकदा माहेरी येते, आणि तिचं वय कोणी विचारत नाही. मला एकदम रडू आलं. आणि तोंडातून निघून गेलं, "मी सत्तावन्नची आहे!" ढाक-ढोलांच्या वर आवाज जावा म्हणून ओरडले, त्यामुळे ते मागच्या गल्लीच्या मंडपापर्यंत गेलं.

कोणाचाही विश्वास बसला नाही. आयुष्यभर खोटं बोलले तेव्हा एकाने शंका घेतली नाही, आणि खरं बोलले तर शेफालीदी म्हणते, "अगं टुकू, मानासाठी माणसं काय काय करतात! वय वाढवून सांगणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. दादा, तुम्हीच सांगा." यांनी ठामपणे सांगितलं, "बावन्न. लग्नात एकवीसची होती, पत्रिका मी स्वतः पाहिली आहे." मग माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. ते स्वतः छप्पन्नचे आहेत. पहिलं पान शेफालीदीने लावलं.

घरी येऊन मी यांच्या पाया पडायची वेळ आली. मी वाकेना, हे पाय पुढे करेनात, दोघं उभे. शेवटी म्हणाले, "म्हणजे एकतीस वर्षं मी तुला म्हणत होतो, तू लहान आहेस, तुला नाही कळायचं?"

"हो."

"आणि तू ऐकून घेत होतीस?"

"कळत होतं म्हणून."

तेव्हापासून बोलणं बंद आहे. मात्र काल न सांगता माझ्यासाठी भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली. ती मी वापरते आहे. केसांचा रंगही टाकून दिला. आठवड्याने भांगात चांदीची रेघ दिसेल, ती कुंकवाला शोभेल असं मला वाटतं.

तुझी
टुकू

ता. क. आईने केलेली माझी खरी पत्रिका तुझ्या ट्रंकेत आहे. महिन्याने जगद्धात्री देवीची पाठवणी आहे आणि मंडळाने सांगितलं आहे, कागद दाखवा, पान लावा. लगेच पाठव. तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तुझ्या कॉलनीतलं चौपन्न आता एकोणसाठ होईल. मनाची तयारी कर. सरपुरिया मिठाई पाठवते आहे.

ता. क. दुसरी. पाकीट चिकटवत होते तोच शेफालीदी आली. दार लावून घेतलं, माझ्या खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "तुझ्याच आईने थोडंच केलंय गं! मला गेल्या चैत्रात एकोणसाठ पूर्ण झाली. माझीही पत्रिका बहिणीकडे आहे, आजच पत्र टाकलं." म्हणजे मी इतकी वर्षं वाकले ते बरोबरच होतं. मला तिची दया आली. तिला चहा दिला, दोन ताजे नारळाचे लाडू दिले, दारापर्यंत सोडायला गेले.

तर पत्रिका पाठवच, पण आईचं अक्षर तुला हुबेहूब जमतं, तेव्हा पाठवण्याआधी जन्मसाल तीन वर्षांनी मागे घे. तू बासष्टची होशील खरी, पण मेजदी, साठीनंतर कोण बघतंय?