मंडळीचे आभार

चिमे,

तुझी आई गेल्याचा फोन आला, त्या मंगळवारी मी दुकानात फळीला रंधा मारत होतो. घरी पोचलो तेव्हा चर्चची सात-आठ माणसं माझ्याआधी दारात उभी होती. पुढे महिनाभर त्यांनी आपल्याला गॅस पेटवू दिला नाही. हे मी विसरलेलो नाही. त्यांचे डबे घासून ओट्यावर ठेवलेत, नावं चिकटवलीत. तेवढे घेऊन जा.

मी आज उपासनेला येत नाही, दुकानात आहे. तिथे वाचायला तू लिहून दिलेला आभाराचा कागद काल आरशासमोर वाचून पाहिला. "मंडळीने मला सांभाळलं" इथे अडकलो. चर्चच्या लोकांना सगळेच मंडळी म्हणतात, पण मी तीस वर्षं तुझ्या आईला म्हणत आलो. "आमची मंडळी जेवायची थांबली असेल" असं गिऱ्हाइकाला सांगून दुकान बंद करायचो. ती म्हणायची, "नुसतं मंडळी मंडळी करता, एकदा आभार तरी माना मंडळीचे!" मी म्हणायचो, "घरच्या माणसाचे कसले आभार?"

चर्चचे पाळकसाहेब पुन्हा म्हणतील, देवाची इच्छा. त्यांना सांग, त्यांच्यावर राग नाही. देवाशी मी माझं बघून घेईन, पण आज त्याच्या घरात उभं राहून गोड बोलणं मला जमणार नाही.

कागद डब्यांखाली आहे. तूच वाच. बाकी सगळ्यांचे आभार त्यात आलेत. तिचे मानायचे राहिले.

बाबा