फक्त बघण्यापुरती परवानगी

प्रिय पोरी,

उत्तराला फार उशीर केला, माफ कर. तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी तुझ्या आईला, आबा आंघोळीला गेलेत म्हणून सांग, असं खुणेनं सांगितलं. दुसऱ्या वेळी दुपारचे चार वाजले होते. तुझी आई माझ्याकडे बघतच राहिली. हे पत्र मी तीनदा लिहून तीनदा फाडलं. फोनवर बोलायची सोय नाही, कारण ह्या घरात फोन कुणाचाही आला तरी ऐकतात सगळे. कालचा तुझा फोनही मी दाराआडून ऐकला. शुक्रवारी परीक्षक येणार आणि तू त्यांच्यापुढे जाणारच नाहीस, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं रडत आईला म्हणालीस. म्हणून आज काहीही झालं तरी हे लिहून कुरिअरवाल्याच्या हातात द्यायचं ठरवलंय.

तू एम.एस्सी.ला जायचं ठरवलंस तेव्हा मला वेबसाईट म्हणजे काय ते धड ठाऊक नव्हतं. सातवीतून शाळा सुटलेला माणूस मी, जन्म गेला कुलपं दुरुस्त करण्यात. पण तू दुकानाच्या पायरीवर बसून समजावलंस ते अजून लक्षात आहे. वेबसाईट म्हणजे दुकानाचा काउंटर, डेटाबेस म्हणजे आतलं कप्प्यांचं कपाट. गिऱ्हाईक चिठ्ठीवर काय लिहून देईल याचा नेम नाही, कपाटच रिकामं करा असंही एखादा लिहील, म्हणून चिठ्ठी आधी तपासायची आणि मगच आत जाऊ द्यायची. मी म्हटलं, अगं हे तर मी चाळीस वर्षं करतोय. तू हसलीस आणि म्हणालीस, मग आबा, तुमच्याच वह्या द्या मला. कुठलं कुलूप आलं, काय बिघडलं होतं, कसं उघडलं, सगळं लिहिलेल्या माझ्या अकरा वह्या. त्यांचाच प्रकल्प करायचा म्हणालीस. त्या आठवड्यात मी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं. समोरचा शिंपी तर मला बघून आत जायला लागला.

मग तू शिकायला शहरात गेलीस आणि राहायला आजोबांकडे, म्हणजे आमच्या व्याह्यांकडे. कॉलेज त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, तेव्हा बरोबरच होतं ते. पण तेव्हापासून तुझ्या प्रत्येक फोनमध्ये, आजोबा म्हणाले, आजोबांनी सुचवलं, आजोबांनी माझा अहवाल वाचला. माणूस हेडमास्तर होता, इंग्रजी पेपर वाचतो, मान्य. पण त्यांनी कधी एक खिळा तरी ठोकलाय का ते विचार. तुझ्या आईबाबांच्या लग्नात स्वतःच्या बॅगेची किल्ली हरवून बसले होते आणि ती बॅग मी माझ्या हातानं उघडून दिली. आभार मानताना मला म्हणाले, तुम्ही लोक भारी हं. तुम्ही लोक! पंचवीस वर्षं झाली, अजून मला ते टोचतं. तुझ्या बाबाला हे सांगितलं तर तो म्हणतो, आबा, तुम्ही लहान मुलासारखं करता. करतो खरा.

पुढे साईट उभी राहिली. तू मला नाव आणि पासवर्ड पाठवलास. मी चष्मा पुसून आत गेलो तर माझ्या वह्या तिथे ओळीनं मांडलेल्या. डोळ्यांत पाणी आलं. एका नोंदीत वर्ष चुकलं होतं, ते सुधारायला गेलो तर पाटी आली, तुम्हाला फक्त बघण्यापुरती परवानगी आहे. मी तुला फोन केला. तू किती प्रेमानं सांगितलंस, आबा, ज्याला जेवढं काम तेवढेच हक्क द्यायचे हा सुरक्षिततेचा पहिला नियम आहे, चुकून काही उडालं तर? मी विचारलं, मग बदल करायचे हक्क कुणाला आहेत. तू म्हणालीस, मला आणि आजोबांना, ते मजकूर नीट करतायत. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. माझी चाळीस वर्षं, आणि मी बाहेर बाकावर बसायचं. ते आत जाऊन खुशाल आवराआवर करणार.

बरं, आवराआवर तरी कसली? एकदा एक बाई जुनी लोखंडी पेटी घेऊन आल्या होत्या. उघडल्यावर आत फक्त एक लहान स्वेटर निघाला. त्या तो छातीशी धरून दुकानातच अर्धा तास बसून राहिल्या. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं. हे सगळं वहीत लिहिलं होतं. साईटवर बघितलं तर उरलं होतं एवढंच, लोखंडी पेटी, गंजलेली कळ, तेल घालून उघडली. मी एकेक नोंद बघत गेलो. माणसं सगळी काढून टाकलेली, कुलपं तेवढी ठेवलेली. खाली व्याह्यांचा शेरा, अनावश्यक मजकूर वगळला.

आणि मग ते झालं. साडेतीनशे नोंदी भरदुपारी गायब, आणि त्या उडवल्या आजोबांच्या नावानं आत शिरलेल्या कुणीतरी. आजोबा त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, डोळ्यांत औषध घालून मिटून बसलेले. तुझ्याकडे आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून नोंदी परत आल्या. पण तू आईला म्हणालीस, चोर शिरला कुठून तेच सापडत नाही, पासवर्ड माझ्याच कपाटातून फुटले असणार, सुरक्षिततेचा अभ्यास करून माझंच दार उघडं राहिलं, आता परीक्षकांपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू? शिवाय आजोबा स्वतःला बोल लावतात, माझ्याच हातून काही चुकलं असेल म्हणून धड जेवत नाहीत. खरं सांगतो, हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानंतर स्वतःची किळस आली.

पोरी, दारात भोक नाही. शोधू नकोस. घरफोडी झाली की पोलीस मला कुलूप दाखवायला बोलवायचे. मी आत बघायचो आणि सांगायचो, साहेब, आत एकही ओरखडा नाही, हे फोडलेलं नाही, किल्लीनं उघडलंय, घरातल्यांना विचारा. तुझ्या घरातला तो माणूस मी आहे. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर मी दुपारी तीनला बसलो. व्याह्यांचा पासवर्ड काय असेल याचा विचार केला. आधी त्यांच्या शाळेचं नाव टाकलं, मग घराचं. तिसऱ्यांदा टाकलं खटपट, पुढे तुझं जन्मवर्ष, आणि उघडलं. हे नाव तुला मी ठेवलं होतं, तू दोन वर्षांची असताना दुकानातली सगळी कुलपं खाली ओढायचीस म्हणून. ते नावसुद्धा त्यांनी नेलं, असं वाटून माझं डोकं फिरलं. त्यांनी हात लावलेल्या सगळ्या नोंदी निवडल्या आणि लाल बटण दाबलं. मला वाटलं, भिंतीवरचा नवा रंग खरवडला की जुना दिसतो, तसं त्यांचं निघून माझं लिहिलेलं वर येईल. खात्री आहे का असं कॉम्प्युटरनं विचारलं होतं. मी ताडकन हो दाबलं. क्षणात सगळं कोरं झालं आणि मी बाईंना नमस्कारही न करता पळालो. घरी येऊन कळलं, म्हातारा कुणाच्या नावानं दार उघडतो, तर तुझ्या. मी करतो त्यापेक्षा त्यांचं प्रेम कमी नाही, हे मला किल्ली चोरल्यावर समजलं.

तेव्हा तू शुक्रवारी जा. परीक्षकांना सांग, माझं काम पक्कं आहे, आमच्याच आबांनी पासवर्ड ओळखून आगाऊपणा केला. माझं नाव, वेळ, झेरॉक्सचं दुकान, सगळं सांग, लपवू नकोस. हवं तर मी स्वतः येऊन सांगतो, गाडीचं वेळापत्रक बघून ठेवलंय. आजोबांना आधी जेवायला बसव आणि मग सांग. ते मला जे म्हणायचं ते म्हणोत. पासवर्ड मात्र बदलायला लाव त्यांना. पत्र मिळाल्याबरोबर, रागानं का होईना, एक ओळ कळव, शुक्रवारी जाणार की नाही एवढीच. आणि पोरी, ह्या एका वेळी तरी त्यांच्या आधी मला कळव.

तुझाच,
आबा