देहास पन्नास मिनिटे पुरत नसल्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय : विच्छेदनाचा तास पूर्वीप्रमाणे सलग तीन तासांचा करणेबाबत.
संदर्भ : १) सर्व तासिकांच्या समान वेळांबाबतचे वेळापत्रक समितीचे परिपत्रक. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, मी शरीररचनाशास्त्र विभागात बावीस वर्षे परिचर आहे. दान मिळालेले देह फॉर्मॅलिनच्या टाकीतून काढणे, विद्यार्थ्यांसमोर मांडणे व परत ठेवणे हे माझे काम. या कामाची मला कधी किळस आली नाही. सदर परिपत्रकाची येते.

२. त्यान्वये प्रत्येक विषयाचा तास पन्नास मिनिटांचा झाला. इतिहासाचा, गणिताचा आणि आमचाही. देह बाहेर काढून निथळायला वीस मिनिटे, परत ठेवून टेबल धुवायला पंधरा. उरलेल्या पंधरा मिनिटांत मुलांनी शिकायचे. परवा एका मुलीला दंडातला मज्जातंतू कसाबसा सापडला आणि घंटा झाली. चिमटा तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

३. खोली रिकामी राहू नये म्हणून आमच्यानंतर तिथे संभाषणकौशल्याचा वर्ग बसवला आहे. त्यातल्या एकाने ओल्या टेबलावर डबा उघडला. टेबल कशासाठी वापरतात हे कळल्यावर जे झाले, तेही मीच पुसले.

४. माझ्या चारपैकी एका अर्जास उत्तर आले. देह बाहेर न काढता टाकीतच शिकवावे, असे समितीने सुचवले आहे. सहा सदस्यांपैकी एकानेही टाकी पाहिलेली नाही. नाक दाबून का होईना, एकदा येऊन जावे.

५. सध्या टेबलावर असलेल्या बाई हयातीत शिवणकाम करत. अभ्यास संपताच देह घरी परत देऊ, असे विभागाने त्यांच्या पतीस लिहून दिले आहे. येत्या मार्चमध्ये संपणारा अभ्यास या गतीने त्यापुढच्या मार्चमध्येही संपत नाही. सारखी काढघाल करून बाईंच्या बोटांना बुरशी धरली आहे. मला शरम वाटते. पती ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दर सोमवारी काठी टेकत येतात आणि दारातूनच विचारतात, "अजून किती तास राहिलेत हिचे?" मी खोटे सांगतो.

६. गेल्या सोमवारी ते आत आले. पुढचा वर्ग दाराशी ताटकळत होता आणि मी बाईंना एकट्याने टाकीकडे ओढत होतो. त्यांनी ते पाहिले. बाहेर बाकावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मीही देहदानाचा फॉर्म भरलाय ना? तो द्या परत." नियमानुसार तो लेखी मागणीशिवाय देता येत नाही. मी कपाटातून काढून त्यांच्या हातात दिला. याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती खुशाल करावी. पन्नास मिनिटांत उरकेल.

७. तरी बाईंचा अभ्यास नीट पूर्ण होऊन त्या पतीच्या हयातीत घरी जाव्यात, यासाठी दुपारचे सलग तीन तास आम्हाला परत द्यावेत. दुसरे काही मागणे नाही.

पाचवा अर्ज करावा लागल्याने त्रासलेला, तरीही आपला नम्र,
(स्वाक्षरी)
परिचर, विच्छेदन कक्ष
दि. ९ डिसेंबर

सोबत :
१) समितीच्या पत्राची प्रत.
२) बारा वर्षांपूर्वी भरलेले माझे स्वतःचे देहदान संमतीपत्र. रद्द समजावे.