व्हॉल्व्हची टकटक

मिस्त्री, आज शेडमध्ये एका इंजिनाचे व्हॉल्व्ह घासत बसलो होतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हातात पेचकस आला की तुम्ही मागे येऊन उभे राहता, विडीच्या वासासकट.

मी मेंढरं सोडून तुमच्याकडे आलो तेव्हा मुळशीला धरणाचं काम चालू होतं आणि शेठची मोटार पौडावरून तिकडे माणसं नेत असे. माझ्याकडे हुन्नर एकच, कान. कुठली मेंढी लंगडतेय ते मी तिच्या घंटेवरून ओळखायचो. तुम्ही म्हणालात, "कान हायेत ना, मग हात बी येतील." तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसवून शिकवलंत. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनातलं झाकण. ते बैठकीवर घट्ट बसावं म्हणून मध्ये एमरीचा खरखरीत लेप लावायचा आणि पेचकस दोन तळव्यांत धरून रवीसारखा इकडे-तिकडे फिरवायचा. मधूनच व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची. खरखर मऊ झाली की वर घासलेट ओतायचं. खाली थेंब उतरला तर पुन्हा पहिल्यापासून. काकी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "लोणी निघालं की हाक मारा."

मग शेठनं सांगितलं, या खेपेला सगळे व्हॉल्व्ह यालाच बसवू द्या. मोटार माले गावापुढचा चढ चढली तर हा राहील, नाही तर जाईल मेंढरांकडं. मेंढरं तर भावांनी केव्हाच वाटून घेतली होती. मी जीव ओतून घासलं, एक थेंब उतरला नाही. पण इंजिन सुरू केलं तर टकटक, टकटक. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला खालून उचलणारा खिळा यांच्यात फट होती, ती वाजत होती. माझ्या कानाला ते सोसवेना. तुमची पाठ वळल्यावर मी फट मिटवून टाकली. मोटार अशी गुपचूप निघाली की शेठ पुढच्या सीटवर डुलायला लागला. तुम्ही तेवढं विचारलंत, "इतकी गप कशी रं?" मी नुसता हसलो.

चढाच्या मध्यावर तिचा दम गेला. माणसं उतरली. एक म्हातारी म्हणाली, "चालत निगाले असते तर पोचून जेवले असते." तुम्ही तापलेल्या इंजिनात हात घालताय, बोटं पोळतायत, आणि मला हळूच सांगताय, "दांडा तापला की वाढतो, लेका. त्याला जागा नको? झाकण लागतच न्हाई, मग दम कुटनं धरंल?" खिशातलं पोस्टकार्ड मापाला धरून, ते सरकेल एवढी एकेक फट तुम्ही मोकळी केलीत.

शेठ ओरडला, "कुणी केलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "दोगांनी."

"मग दोघांनाही काढू?"

"काढा की. पन आदी वर न्यायची का हितंच ऱ्हायाचं, ते सांगा."

मोटार वर चढली, सगळा रस्ता टकटकत. उतरताना शेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या लवकर ये."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ट्रंकेतच राहील. त्या टकटकीवर माझी शेड उभी राहिली, घर झालं, पोरं शिकली. कारागिरांना मी तुमचेच शब्द सांगतो, त्याला जागा नको? आणि वाजू दे म्हणतो. पण मिस्त्री, तुम्हाला म्हणून सांगतो, मला ती टकटक आजही आवडत नाही.