कारण पटण्यासारखे नाही

प्रिय गुलबारा,

तुला ‘प्रिय’ म्हणणं आज जिवावर आलंय. पण पत्राची सुरुवात अशी करायची हे तिसरीच्या मुलांना मीच शिकवते, म्हणून लिहिलं. नारीनच्या अध्यापक विद्यालयात आपण एका खोलीत राहायचो, तेव्हा माझी टिपणं उतरवून तू पास व्हायचीस. आता तू जिल्ह्याची निरीक्षक आणि मी गावची बाई. चालायचंच.

परवा तू तपासणीला आलीस. मार्चच्या चिखलात उंच टाचांचे बूट घालून. तुझ्या त्या फायलीत सगळ्या जिल्ह्यासाठी एकच नमुना: ‘प्रिय आजोबा, वसंत आला.’ तीस मुलांनी तीस वेळा तेच उतरवायचं. तालाय उभा राहून म्हणाला, “बाई, माझे आजोबा तर वारले. मग हे टाकायचं कुठं?” तू हसलीस. काय विनोद होता गं त्यात?

माझी मुलं काय लिहितात ते तू पाहिलंसच नाहीस. मेंढी हरवली तेव्हा त्यांनी दुकानाच्या दारावर जाहिरात लावली, कानाला कुठली खूण आहे तेही लिहिलं, आणि मेंढी संध्याकाळी घरी आली. बिश्केकहून नवा मुलगा आला, त्याच्यासाठी घोडी दुहायची कशी याच्या सूचना लिहिल्या. कोणाला, कशासाठी लिहितोय हे कळलं की मूल आपोआप लिहितं. हे तुला एके काळी कळायचं. की तेही माझ्याच टिपणांतलं होतं?

या खेपेला मी आमंत्रण लिहायला दिलं. नूरूझला, नव्या वर्षाच्या सणाला, शाळेत कार्यक्रम आहे. ज्याने यावं असं मनापासून वाटतं त्याला लिहा, म्हटलं. त्या वह्या तू मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुर्दाकची, तळलेल्या मटणाची, ताटली पुढ्यात घेऊन तपासल्यास. एका पानावर तेलकट बोट उमटलंय. त्याच पानाखाली लाल शाईत तुझं अक्षर आहे: ‘मोठ्या व्यक्तीस तू म्हणू नये. दिनांक नाही. कारण पटण्यासारखे नाही.’

वहीचा पुठ्ठा उलटून नाव बघितलं असतंस तर हात झडला नसता. बेगायमची वही होती ती, तुझ्या पोटच्या पोरीची.

पहिलं मूल सासूसासऱ्यांच्या ओटीत घालायची आपल्याकडची रीत आहे, त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. माझी मोठी बहीणही आजीकडेच वाढली. पोर आजीला आपा, म्हणजे आई, म्हणते आणि तुला एजे, म्हणजे ताई, त्यालाही माझी हरकत नाही. पण ताई म्हणते म्हणून तिला काही कळत नाही असं तू धरून चाललीस. जाताना तिचा गाल ओढून “काय गं, केवढी वाढलीस!” म्हणालीस आणि हातावर चॉकलेट ठेवून गाडीत बसलीस. मला तेव्हा तुझी किळस आली, स्पष्टच सांगते.

तिने लिहिलं होतं, ‘एजे, तू ये. मी कोमुझ वाजवणार आहे. ये, कारण वाजवताना तू मला बघावंस असं मला वाटतं.’ एवढंच कारण. तुला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वह्या वाटल्या. ती रडली नाही. सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, “बाई, बोलावलेल्या माणसाला येऊ नका म्हणून कसं लिहायचं?” तेही लिहिण्याचंच एक कारण, नाही कसं म्हणू? शिकवलं मी. तुझ्यापेक्षा मी तरी कुठली चांगली! तिने दिनांक घातला, अहो-जाहो घातलं. ‘आदरणीय निरीक्षक बाई, आपण येण्याची तसदी घेऊ नये. आपली जागा शेजारच्या काकूंना दिली आहे.’ एकही चूक नाही. पाकिटावर तुझ्या कार्यालयाचा पत्ता घालून तिने माझ्याकडे टाकायला दिलं.

मी ते टाकलेलं नाही. टाकलं म्हणून तिला खोटं सांगितलंय; पोरांशी मी कधी खोटं बोलत नाही, पण बोलले. कार्यक्रम एकवीस तारखेला सकाळी अकरा वाजता आहे. तुझं तोंड बघायची मला अजिबात इच्छा नाही, तरी ये. फाईल आणू नकोस. मागच्या दाराने येऊन मुख्याध्यापकांशेजारी बसू नकोस, आयांच्या बाकावर बस. आलीस तर ते पाकीट मी चुलीत घालीन. नाही आलीस तर बावीस तारखेला टपालात टाकीन, आणि मग तिने तुला लिहिलेलं ते शेवटचं असेल.

तुझीच, अजून तरी,
साइकाल