नंदाचा पाइप

३ फेब्रु. ९५, शुक्र.
दिवाळीनंतर वही आज उघडतेय. लाज वाटते. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही; लिहिलं असतं तर नंदाबद्दलच लिहिलं असतं, म्हणून टाळलं.

आज ऑफिसात तिचा नेम्ड पाइप चालला, म्हणजे दोन प्रोग्रामना बोलायला नाव दिलेली वाट. गोडाऊनच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम पाइपच्या नावाने हाक मारतो, वर सर्व्हरवरचा प्रोग्राम ओ देतो. माल उतरला की स्टॉकचा आकडा लगेच वर. इतकी वर्षं हे काम माझी फ्लॉपी करायची. गोडाऊनचे म्हात्रे म्हणाले, "मॅडम, फ्लॉपीचा निरोप समारंभ कधी? वडे माझ्याकडून." सगळे हसले. मीही.

नं.ला इथे मीच आणलं, कॉलेजची मैत्रीण म्हणून. आता कॉम्प्युटर विभाग तिच्याकडे जाणार, असं दिसतंय. माझ्याकडे यायचा होता.

६ फेब्रु., सोम.
नं.ने प्रोग्रामची प्रिंट दिली. "वाच गं. चुकलं असेल तर शिव्या घाल." लोकलने कोपरला, घरी आणून वाचली. सुरेख लिहिलंय. तेच सलतं.

एक चूक आहे. एका वेळी एकालाच ओ देता येईल, असाच पाइप उघडलाय. एक मशीन बोलत असेल तोवर दुसऱ्याला 'बिझी'. तिने तपासलं एकाच मशीनवरून. गोडाऊनमध्ये दोन मशीन असली तरी आळीपाळीनेच काम करतात ना. फ्लॉपी एकच, म्हणून ती पद्धत मीच लावलेली.

चूक सापडल्यावर बरं वाटलं. किती बरं वाटलं, ते लिहवत नाही.

८ फेब्रु., बुध.
प्रिंट परत केली. "काय गं?" "छान आहे." खोटं नाही. पण...

परवा डेमो. साहेब म्हणाले, दोन मशीनवरून एकदम दाखवा. दुसऱ्यावर मी बसायचं. नं. म्हणाली, "तू आहेस ना, मग मला कसली काळजी!"

९ फेब्रु., गुरु.
दोनदा तिच्या टेबलापर्यंत गेले. एकदा स्टेपलर मागून आले, एकदा नुसतीच. सांगितलं तर अर्ध्या तासात दुरुस्त करेल, विभाग तिचा. गप्प राहिले तर माझाच होईल असंही नाही. मग कशासाठी गप्प? ती सगळ्यांसमोर पडलेली बघायला?

निघताना तिने डबा हातात ठेवला. सुकटीची चटणी. "आईने तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीय."

डेमो अकराला. नं. नऊलाच येणार आहे.

उद्या : दुसरं मशीन साडेनऊलाच चालू करणे, तिचं चालू असतानाच.