आईचे केस लेकीला लागतील का

॥ श्री ॥
धानोरा, जि. नंदुरबार
१२ जानेवारी २०२५

चि. भाग्येश यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. पुण्यात राहून तू मला आत्या म्हणायला लागलास, तरी मी तुझी फुई ती फुईच. फोन असताना पत्र का, तर तुझ्या फुवांना हल्ली कमी ऐकू येतं. फोन आला की ते स्पीकर लावतात आणि आपलं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत जातं. हे बोलणं तसं नाही.

आपल्या रोहिणीचं तुला ठाऊकच आहे. तीन वर्षं झाली, केस जायचे थांबले नाहीत. नाशिकच्या डॉक्टरांनी डोक्याच्या कातडीचा तुकडा काढून तपासला. ते म्हणाले की मुळंच वाळून गेलीत, तिथं आता नुसता व्रण आहे. औषधानं आजार पुढं सरकायचा थांबेल, पण गेलेले केस येणार नाहीत. पोरगी डोक्याला रुमाल बांधून अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत शिकवायला जाते, हसते, बोलते. आपल्यालाच काही सुचत नाही.

तुझे वडील परवा म्हणाले की तुझ्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत केसांची मुळं वाढवतात. खरं का रे? मग मला एवढंच सांग, आईचे केस लेकीला लागतील का? छप्पन्न वर्षांची झाले तरी माझी वेणी कमरेखाली जाते. लोक मूत्रपिंड देतात, हे तर केस आहेत. मन्हा केस काढी ल्या, पन मन्ही आंडेरले द्या, माझ्या लेकीला द्या, असं मी तुझ्या साहेबांपुढं हात जोडून म्हणायला तयार आहे.

मिरची वाळायला पथारीवर पसरली आहे. वारा इकडं वळला की सगळं घर शिंकतं. दुसऱ्यांचे केस उगवून देणाऱ्या माझ्या भाच्याच्या स्वतःच्या कपाळाची हद्द कुठवर पोचली, तेही कळव.

तुझ्यावरची माया आहे तशीच आहे, तूही आठवण ठेव.
तुझी फुई,
छबूबाई


पुणे
२६ जानेवारी २०२५

ती. फुईस,
भाग्येशचा सा. न. वि. वि.

पत्र प्रयोगशाळेतच वाचलं. कपाळाची हद्द डोक्याच्या मध्यापर्यंत पोचली आहे आणि लढाई सोडून दिली आहे.

आम्ही केस वाढवत नाही, फुई. केसाच्या अगदी तळाशी कांद्यासारखा बारीक गड्डा असतो, त्यातल्या पेशी वाढवतो. त्यांना गुलाबी पाणी पाजतो आणि अंगाच्या उबेएवढ्या गरम कपाटात ठेवतो. सकाळी कपाट उघडलं की आतून ऊब येते, गोठ्यात शिरल्यासारखी. भिंगाखाली पाहिलं की त्या पेशी पाण्याखालच्या गवतासारख्या एका दिशेला झुकलेल्या दिसतात. आणि एक गंमत सांगतो. बशीत सुट्या सुट्या पसरल्या की आपण केस घडवणाऱ्या आहोत हे त्या विसरतात. थेंबभर पाण्यात सगळ्यांना एकत्र गोळा केलं की त्यांना थोडं थोडं आठवायला लागतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशात एका माणसाच्या अशा पेशी दुसऱ्याच्या हातावर लावून पाहिल्या होत्या, आणि तिथं थोडे केस उगवले होते. पण तो केवळ एक लहानसा प्रयोग होता. आमचं काम अजून उंदरांवर आहे. शिवाय रोहिणीच्या आजारात तिचं शरीरच केसांच्या मुळांवर उलटतं. नवी मुळं लावली तरी ती टिकतील का, कुणाला माहीत नाही. आज असा उपचार कुठंही नाही. कधीच होणार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

फुवांना नमस्कार. पपई उतरली की मला विसरू नका.
आपलेपण विरळ होऊ न देता राहावं, एवढंच मागणं.
तुमचा,
भाग्येश


अक्कलकुवा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाग्येशदादा,
स. न.

इथं डोंगरात फोनची रेंज शाळेच्या टाकीवर चढल्याशिवाय मिळत नाही आणि मला टाकीवर उभं राहून भांडता येत नाही, म्हणून पत्रातून भांडते.

तू आईला काय लिहिलंस? तुझ्या दोन पानांतलं तिनं शेवटचंच वाक्य उचललं. शनिवारी घरी गेले तर माझं जेवण होईपर्यंत थांबली आणि म्हणाली की भाग्येश कधीच होणार नाही असं म्हणत नाही, म्हणजे होतं. मग तिनं शेजारच्या रंजनाबाईंच्या मुलाकडून फोनवर शोधून घेतलं. सुरतेत एक दवाखाना पेशींची इंजेक्शनं देतो म्हणे. पुढच्या महिन्यात जायचं ठरवूनही टाकलं.

दादा, तुला एक सांगते, कुणालाच सांगितलेलं नाही. माझे केस गेल्यापासून आई माझ्यासमोर वेणी सोडत नाही. मी घरी असले की पहाटे उठून गोठ्यामागं जाते, तिथं विंचरते आणि पदर घट्ट घेऊनच घरात येते, जणू काही चोरून आणलं आहे. माझे केस गेले ते गेले, पण आईचे केसही माझ्यासमोरून गेले, हे मला जास्त लागतं.

आणि खरं विचारशील तर मीही तुझं पत्र तीनदा वाचलं. आमच्या वसतिगृहाच्या मुली सकाळी ओळीनं बसतात, प्रत्येक जण पुढचीचे केस विंचरते. मला अधूनमधून स्वप्न पडतं की मी त्या ओळीत बसले आहे आणि मागून कुणीतरी कंगवा फिरवतं आहे. कोण आहे ते वळून पाहावंसं वाटत नाही, कारण वळले की जाग येणार. तेव्हा मला रागावलेली समज, पण शहाणी समजू नकोस.

सुरतेत त्यांना काय विचारायचं ते लिहून पाठव. आईचं मन मोडायला नको म्हणून मी जाणार आहे.

भांडण संपलं. माया होती तेवढी शिल्लक ठेव.
तुझी,
रोहिणी


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोहिणी,
अ. आ.

रागावलीस ते बरोबरच. ते वाक्य मी फुईसाठी लिहिलं असं वाटत होतं, पण ते मी स्वतःसाठी लिहिलं. रोज त्या बशा बघणाऱ्याला तेवढं वाक्य लागतं.

विचार की पेशी कुणाच्या आणि कुठून येतात. हा उपचार करायची परवानगी कुणी दिली. व्रण पडलेल्या डोक्यावर तो कुणाला लागू पडला, आणि असा एक तरी माणूस भेटेल का. उत्तर देणारा प्रश्नाकडं बघतो की तुझ्या पर्सकडं, तेही पाहा.

तुझं नाशिकचं औषध मात्र बंद करू नकोस. उरलेली मुळं वाचली तर पुढच्या कुठल्याही आशेला जागा राहील.

फुईला माझ्यावर रागावू देऊ नकोस.
तुझा दादा,
भाग्येश


अक्कलकुवा
२३ मार्च २०२५

प्रिय भाग्येशदादा,
स. न.

जाऊन आलो. काचेची इमारत, गार हवा, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो. तिथला माणूस फार गोड बोलला. मी पेशी कुणाच्या असं विचारलं तर म्हणाला, परदेशातून बाटलीत येतात. परवानगीचं विचारलं तर म्हणाला, बहेन, तुम्ही फार वाचता. व्रणाचं विचारलं तर त्यानं आईकडं तोंड वळवलं आणि मावशी, भरोसा ठेवा म्हणाला.

मग आईनं काय केलं ते ऐक. तिनं पदर मागं टाकला, आकडे काढून त्याच्या टेबलावर ठेवले आणि सगळे केस मोकळे सोडले. परक्या माणसापुढं, माझी आई! म्हणाली की बाटलीतलं नको, माझ्यातलं काढा. मी तीन वर्षांनी ते केस पाहत होते. कडेला पांढरे झालेत, मला माहीतच नव्हतं.

तो माणूस क्षणभरही थांबला नाही. चालेल ना, आईचं तर आणखी उत्तम, असं म्हणून त्यानं सहीचा कागद पुढं सरकवला. आईनं पेन हातात घेतलं. मग हळूच म्हणाली की भाग्येश रोज तेच काम करतो, त्याला जमत नाही म्हणतो, आणि तुम्हाला विचार न करता जमतं? तिनं पेन खाली ठेवलं. आम्ही उठलो. आकडे तिथंच राहिले.

परतीची आगगाडी. उन्हाची वेळ, डबा तापलेला. मोकळे केस तिच्या तोंडावर येत होते. मी सरकून मागं बसले आणि तिची वेणी घालायला घेतली. तिनं आधी मान आखडून धरली, मग सैल सोडली. समोर एक बाई भाजीची टोपली घेऊन बसल्या होत्या, चिंचपाड्याला उतरताना त्यांनी मेथीच्या जुडीची सुतळी सोडून माझ्या हातात दिली. वेणी बांधून झाली तेव्हा मी घामानं भिजले होते. मी रुमाल काढला. खिडकीतून वारा आला आणि सरळ डोक्यावरून गेला. दादा, असं वाटलं की डोक्यावरून नदी वाहते आहे. मी डोळे मिटले. चिंचपाड्यापासून घरापर्यंत मी अर्धी जागी, अर्धी कुठंतरी होते.

आईनं पाहिलं की नाही, मला माहीत नाही. तिला दोन ओळी लिही. तिला वाटतं आहे की आता तिच्या हातून काहीच देणं होणार नाही.

तुझी,
रोहिणी


पुणे
५ एप्रिल २०२५

ती. फुईस आणि चि. रोहिणीस,
सा. न. व अ. आ.

दोघींना एकच पत्र, म्हणजे अर्धं वाक्य कुणी उचलायला नको.

आमच्या शेजारच्या रुग्णालयात रोहिणीच्या आजारावर अभ्यास सुरू आहे. शरीर स्वतःच्या मुळांवर का उलटतं, हे त्यांना पाहायचं आहे. त्यासाठी आजार असलेल्या माणसाच्या डोक्याच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा लागतो, आणि ताडून पाहायला घरातल्या निरोगी माणसाचा तसाच एक. यातून रोहिणीला एकही केस मिळणार नाही. हे मी पुन्हा लिहितो, फुई: एकही नाही. मिळालंच तर पुढं कुणाच्या तरी मुलीला मिळेल, तेही नक्की नाही. सुई टोचते, एक टाका पडतो.

नाही म्हणालात तरी मी तोच भाग्येश.
उत्तराची वाट पाहतो.


॥ श्री ॥
धानोरा
१८ मे २०२५

चि. भाग्येश यास,
अ. उ. आ.

पुण्याहून सुखरूप पोचलो. टाका सुकला. तू दोन वेळा लिहिलेलं ते मी तीन वेळा वाचलं होतं, तरी सुई टोचली तेव्हा मनात आलंच की बघू या. आईचं मन आहे, त्याला तुझी भाषा कळते पण पटत नाही.

तू ते गरम कपाट दाखवलंस ते बरं केलंस. रोहिणीनं दाराची काच पुसून पुसून आत पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली की आई, हे सगळं व्हायला माझं म्हातारपण येईल, पण मला आता घाई नाही. मी म्हटलं, मला आहे. तर हसायला लागली. तिकडंच बसून आम्ही दोघी किती हसलो, तुझ्या साहेबांनी बाहेर येऊन पाहिलं.

गल्लीत सगळे विचारतात की पुण्याला जाऊन काय आणलं. मी सांगते, काही आणलं नाही, देऊन आले. रंजनाबाईंना ते काही कळलं नाही. तुझ्या फुवांनी तर ऐकलंच नाही, ते म्हणाले पपई दिली का. दिली, म्हटलं.

आता माझी वेणी अंगणातच होते. रोहिणी घरी असली की तीच घालते, फार ओढून घालते, मास्तरीण आहे ना.

काल पहाटे मला स्वप्न पडलं. तुझ्या त्या कपाटात मी शिरले होते, आत तापीकाठच्यासारखं गवत होतं, गुडघ्यापर्यंत, आणि सगळं एका बाजूला झुकलेलं. मी त्यातून चालत होते, पायाला ऊब लागत होती. जाग आली तेव्हा उजाडत होतं. बाहेर पाहिलं तर रोहिणी ओट्यावर बसून चहा पीत होती, डोकं उघडं. कोवळं ऊन तिच्या डोक्यावर पडलं होतं. इतकी वर्षं मी तिच्या डोक्याकडं नीट पाहिलंच नव्हतं, नजर चुकवत आले होते. लहानपणी जावळ काढल्यावर असंच गोल दिसायचं.

हाक मारायला तोंड उघडलं होतं. मारली नाही. तिचा चहा संपेपर्यंत तशीच उभी राहिले.

तू आपल्या तब्येतीला जप, आणि आमच्यावर जीव असाच राहू दे.
तुझी फुई,
छबूबाई